नागपूरला गेलेली गाठ

मनकर्णाबाई माझी थोरली जाऊ. ती गेली तेव्हा भिलाईत कॅम्प-१ पासून सेक्टर ६ पर्यंत आमच्या ओळखीच्या बायांत एकच बोललं गेलं, की कांतानं तिला फसवून नागपूरला नेलं म्हणून ती मेली. कांता म्हणजे मीच. फसवून नेलं हे खरं आहे. बाकीचं साफ खोटं. पण ते सांगत फिरणाऱ्या बाया अजूनही माझ्या अंगणात येऊन चहा पितात आणि पाठ फिरली की पुन्हा तेच सुरू करतात. म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

आम्ही तुमसरकडचे, धानाच्या शेतीतले. भिलाईला लोखंडाचा कारखाना उभा राहतो आहे, बायामाणसं सगळ्यांना काम आहे, असं कळल्यावर माझे थोरले दीर, म्हणजे भासरे, पुंडलिक आधी गेले. त्यांच्या मागून त्यांची बायको मनकर्णाबाई, मग मी आणि माझा नवरा चंपत, आणि शेवटी आमची विधवा सासू शकुबाई. कॅम्प-१ मध्ये, मजुरांच्या वस्तीत, एका झोपडीत आम्ही सगळे. मनकर्णाबाईची एकुलती एक मुलगी रमा आधीच गोंदियाला दिलेली होती.

तेव्हा कारखाना म्हणजे नुसते खड्डे होते. पुरुष खणायचे आणि आम्ही रेजा, म्हणजे मजूर बाया, घमेली वाहायचो. भट्टीच्या पायाची माती, गिट्टी, सिमेंटचा माल, सगळं आम्हा बायांच्या डोक्यावरून गेलं आहे. आज सायकलवर शिट्टी वाजवत ड्यूटीला जाणाऱ्या पोरांना हे सांगितलं तर ती हसतात. हसोत बापडी.

पहिल्या दिवशी मी दुपारपर्यंतच मटकन खाली बसले. मनकर्णाबाईनं मला पत्र्याच्या आडोशाला नेलं, माझं लुगडं सोडलं, माझ्या कमरेला गुडघा लावला आणि वेढा असा आवळला की माझा श्वासच अडकला.

"कमर ढिली ठेवशीन त वझं पोटात उतरते," ती म्हणाली. "आवळून बांध. दोन-चार दिवस दुखन, मंग काही कळत नाई."

आणि खरंच, मग काही कळेनासं झालं. तिचं ते शिकवणं नसतं तर मी महिनाभरही टिकले नसते. माझ्यावर ओरडायची, हसायची, माझ्या वाटचं घमेलं मुकादमाची नजर चुकवून स्वतः उचलायची. माझ्या सख्ख्या बहिणीनं माझ्यासाठी एवढं केलं नाही.

आंघोळीच्या वेळी तिच्या कमरेवरचा काळा पट्टा मी पाहिला. बोटभर रुंद, कमरेभोवती फिरलेला, टाचेसारखी जाड कातडी. माझा आपला नुसता लाल वळ. "हा माहा कमरपट्टा," ती त्यावर थाप मारून म्हणायची, "चोर बी नेऊ शकत नाई." सासूच्या कमरेवरही तसाच पट्टा होता. आमच्याकडच्या सगळ्याच कष्टकरी बायांच्या कमरेवर असतो. जिच्या कमरेला लुगड्याचा काच नाही ती बसून खाणारी, असं आमच्यात सरळ बोललं जायचं. त्यामुळे त्या पट्ट्यावर काही उठलं, दुखलं, चिघळलं, तरी कोणी मान वर करून बघत नसे.

पहिली भट्टी पेटायच्या आधीच्या हिवाळ्यात मी तिच्या पाठीवर पाणी घालत होते. डाव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या वर, त्या पट्ट्यातच एक गाठ दिसली. सुपारीच्या खांडाएवढी, वरून खरबरीत, मधोमध फुटलेली. तिनं झटकन हात ठेवला.

"हे काय हो बाई?"

"काई नाई वो. काचलं."

"कधीपासून?"

"मागच्या होळीपासून असन. तू पाणी घाल."

मागच्या होळीपासून! हळदीतेलाची चिंधी ठेवून, तिच्यावर लुगडं आवळून, ही बाई वर्षभर गिट्टी वाहत होती. चिंधी मी हातात घेतली तर तिला रक्ताचा आणि आणखी कसला तरी वास येत होता.

सासूला सांगितलं तर तिनं अहिवारा गावाकडून येणारा वैदू बोलावला. त्यानं गाठीजवळ तुंबडी लावली, रक्त ओढलं आणि त्यातून एक काळा दोरा काढून दाखवला. हाच रोग, म्हणाला. पानात बांधून दिला. शिवेबाहेर टाकून या, मागं वळून पाहू नका, आणि ज्या वाटेनं रोग गेला त्या वाटेनं पुन्हा पाऊल टाकू नका, नाहीतर तो ओळखतो आणि पाठीमागं येतो.

आमच्या गावाकडेही हेच करायचे. माता, म्हणजे देवीची साथ, आली की तिची परडी शिवेपार नेऊन ठेवायची आणि मान खाली घालून परत यायचं. मनकर्णाबाई ते पान नाल्यापलीकडे टाकून आली. कामावर जायची आमची जवळची वाट नाल्यावरूनच होती. त्या दिवसापासून ती लांबच्या फेऱ्यानं जाऊ लागली. मी चिडवलं, तर म्हणाली, "हास तू. तुले काय, तुही कमर कोरीकरकरीत हाये."

गाठ होती तिथंच राहिली. उलट वाढली. मग मी हट्टाला पेटले. बाजारात एका गाळ्यात डॉक्टर पिंपळखुटे बसायचे. नागपूरला शिकलेले, तरुण, शुद्ध बोलणारे. परक्या पुरुषासमोर लुगड्याचा वेढा सोडायचा म्हटल्यावर मनकर्णाबाईनं कानांवर हात ठेवले. मी तिच्याशी बोलणं टाकलं, तिच्या हातची भाकर खाणं टाकलं. मला रुसता चांगलं येतं. शेवटी ती म्हणाली, "चाल माय, पण तू पडद्याच्या आत राहाजो."

पडद्यामागं लाकडी टेबल, बाजूला स्टोव्हवर भांड्यात उकळणारी अवजारं. डॉक्टर बडबडे होते. कुठलं गाव, काय काम, असं विचारत विचारत त्यांनी गाठ पाहिली. मग पट्टा पाहिला. मग जांघेत चाचपून पाहिलं. आणि त्यांचं बोलणं एकदम थांबलं.

"लुगडं असं आवळून कधीपासून बांधता?"

"लगन झालं तवापासून."

"काचून काचून कातडी चिडते, बाई. वर्षानुवर्षं चिडली की कधी कधी बिघडते. हे नुसतं बघून सांगता येत नाही. बायोप्सी करावी लागेल. म्हणजे ही गाठ काढायची आणि तपासायची."

"बिघडते म्हंजे काय होते?" मी विचारलं.

"तपासल्यावर बोलू," ते म्हणाले.

डॉक्टर लोकांची ही खोड मला कधीच आवडली नाही. त्यांच्या मनात काय आहे ते त्यांच्या तोंडावर दिसतं आणि तोंडातून मात्र निघत नाही. त्या दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवून नीट सांगितलं असतं, की काढणं वेगळं, तपासणं वेगळं आणि बरं होणं वेगळं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण बाहेर बाकावर खोकणारी माणसं बसली होती आणि त्यांना घाई होती.

बधीर करायची सुई टोचली तेव्हा तिनं माझा हात असा दाबला की बांगडी फुटली. मग तिला तिथलं काही कळेना. डॉक्टरांनी गाठ कापून काढली, टाके घातले आणि गाठ स्टीलच्या तबकात ठेवली.

"दाखवा मले," मनकर्णाबाई मान वर करून म्हणाली.

डॉक्टरांना नवल वाटलं, पण त्यांनी तबक पुढं केलं. तिनं बराच वेळ पाहिलं. वैदूच्या काळ्या दोऱ्यासारखं हे नव्हतं, हे खरोखर तिच्या अंगातलं होतं. डॉक्टरांनी ते पेनिसिलिनच्या धुतलेल्या बाटलीत टाकलं, वर डोळ्यांना झोंबणारं औषध ओतलं आणि रबरी बूच लावलं.

"आता मले द्या, मी टाकून येतो."

"टाकायची नाही, बाई. ही नागपूरला जाणार. इथं तपासायची सोय नाही. उद्याच्या गाडीनं गार्डाच्या हाती पाठवतो."

"नागपूरले?" तिचे डोळे मोठे झाले. "परत त नाई येणार ना?"

"परत कशाला येईल? तिथंच राहील."

तिनं पडल्या पडल्या हात जोडले. डॉक्टरांना वाटलं, बाई आभार मानते आहे.

बाहेर आल्यावर ती माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होती आणि तरी बोलायची थांबत नव्हती. "तो वैदू नाल्यापल्याड टाकाले लावत होता. ह्या डॉक्टरनं सीधी नागपूरले धाडली. केवढा मोठा डॉक्टर हाये वो कांता!" मलाही हसू आलं. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुर्गमार्गे नागपूरकडे जाणारी गाडी यायच्या वेळेला तिनं मला रेल्वेलाइनकडे नेलं. आवाज आल्याबरोबर तिनं लाइनीकडे पाठ केली, डोळे मिटून पदर तोंडावर घेतला. शेवटचा डबा लांब गेला तरी वळली नाही. "गेली का?" तिनं विचारलं. "गेली," मी म्हटलं. मग तिनं सुटकेचा असा श्वास सोडला की मलाच बरं वाटलं.

जखम छान भरली. टाके निघाले तेव्हा तिथं एक गुळगुळीत गुलाबी रेघ राहिली. डॉक्टरांनी लुगडं सैल बांधायला किंवा गोल पातळ नेसायला सांगितलं होतं. "मी काय बंगालीन हावो का?" म्हणत ती नेहमीसारखंच आवळून कामावर गेली. वर्षभराची दुखणाईत बाई गाणं म्हणत घमेलं उचलू लागली. सासूनं देवीला नारळ फोडला. भासऱ्यांनी डॉक्टरांची चारचौघांत तारीफ केली.

आणि मग डॉक्टरांचं बोलावणं आलं. मनकर्णाबाई म्हणाली, "मी बरी झाली, आता कावून जाऊ?" म्हणून मीच गेले.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. या वेळी त्यांनी घाई केली नाही.

"कॅन्सर आहे," ते म्हणाले. "गाठ काढली, पण कापाच्या कडेपर्यंत रोग आहे. मुळं आत राहिली आहेत. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन आजूबाजूचं सगळं खोलवर कापावं लागेल. आत्ता नेलंत तर बाई वाचेल, हे मी छातीला हात लावून सांगतो. एकदा ते जांघेत उतरलं की कोणाच्या हातात काही राहणार नाही."

"पण वरून त काईच दिसत नाई, साहेब."

"तीच तर अडचण आहे."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. चुलीजवळ सगळे बसले होते. मी सांगितलं. भासऱ्यांनी ताट बाजूला सारलं. "माह्या डोयानं मी कातडी पाहून राहिलो ना. कुठं हाये रोग? डॉक्टरची भूक मोठी झाली." सासूनं माझ्याकडे अशी नजर टाकली जशी मीच तो रोग पदरात बांधून आणला होता. या दोघांचा मला फक्त राग आला. रागावर इलाज असतो, भांडता येतं.

पण मनकर्णाबाई काय म्हणाली? ती म्हणाली, "मुंबईले ने म्हणशीन त येतो. काशीले ने म्हणशीन त येतो. नागपूरले नाई."

"का हो बाई?"

"तथी गेली हाये ना ते." तिनं हळू आवाजात सांगितलं, जणू कोणी ऐकेल. "ज्या वाटेनं धाडली त्याच वाटेनं मी मागून जाऊ? ओळखन ना ते मले. आता डॉक्टर म्हणते का मुळं राहिली. राहिली असतीन. पण मुळंच हायेत ना? मी तथी गेली त पुरी परत चढन अंगावर."

मी तिच्याशी दिवसचे दिवस भांडले. समजावलं, रडले, पुन्हा जेवण टाकलं. या वेळी ती हलली नाही. ती हट्टानं नाही म्हणत असती तर मी तिचा हट्ट मोडला असता. ती भ्यायली होती. जगायचं होतं तिला, माझ्याइतकंच, म्हणून ती जात नव्हती. हे कोणाला सांगायचं?

शेवटी मी डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, "साहेब, तुमच्यावर तिचा देवासारखा विश्वास हाये. घरी चाला आन एवढंच सांगा, का गाठ नागपुरात जाळून टाकली, राख झाली."

डॉक्टर आले, हे त्यांचं मोठेपण. झोपडीत वाकून शिरले, बाजेवर बसले, सासूनं दिलेलं पाणी प्यायले. मनकर्णाबाई समोर हात जोडून बसली आणि तिनं सरळ विचारलं, "डॉक्टरसाहेब, माही गाठ कुठी हाये आता?"

मी त्यांच्याकडे डोळे लावून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे वळले आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "काळजी करू नका. तुमची गाठ तिथं नीट आहे. मेणात बसवून, तिचे पातळ काप करून काचेवर ठेवतात. ती जपून ठेवतात, वर्षानुवर्षं. तिला काही होत नाही."

त्यांना वाटलं, खरं सांगून आपण बाईची भीती घालवली. मनकर्णाबाईचा चेहरा पांढरा पडला. सासू उठून देवापाशी जाऊन बसली.

डॉक्टर बाहेर पडले तशी मी त्यांच्या मागं धावले. भर रस्त्यात त्यांना आडवी गेले. "एक शब्द खोटा बोलले असते त तुमचं काय गेलं असतं?"

"मी डॉक्टर आहे, कांताबाई, मांत्रिक नाही. आज मी अशा समजुतीला हो म्हटलं तर उद्या लोक माझ्याकडे येऊन दोरेच मागतील."

"आन ते मेली त?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी पाहिलं. पण मला त्या पाण्याचा काय उपयोग होता?

त्यानंतर भट्टी पेटली. भासरे पर्मनंट झाले आणि आम्हाला सेक्टर ६ मध्ये क्वार्टर मिळालं. नळाचं पाणी, विजेचा दिवा, बसायला ओटा. मनकर्णाबाईची मजुरी सुटली. ती बटण दाबून दिवा लावायची, विझवायची आणि लहान मुलीसारखी हसायची. मलाही मधूनमधून वाटायचं की डॉक्टर चुकले असतील. असं वाटून घेण्यात किती सुख असतं!

दिवाळीच्या सुमाराला ती लंगडू लागली. "अवधाण आलं जांघेत," म्हणाली, "पायाले काही लागलं असन." आमच्यात पायाला काटा लागला तरी जांघेत अवधाण येतं, गाठ सुजते, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. मी हात लावून पाहिलं. दगडासारखं घट्ट होतं. मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं.

ती वाळत गेली. ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायची. बोलायची फक्त रमाबद्दल. पण गोंदियाला चला म्हटलं की म्हणे, "तेच गाडी हाये वो. तिकडंच जाते ते." ज्या गाडीनं गाठ गेली त्या गाडीत बसायलाही ती तयार नव्हती. लेकीला भेटायला तीन सणांत ती गेली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग एका सकाळी ती स्वतःच म्हणाली, "कांता, मले रमाले पाहाचं हाये. गोंदियापासून परत फिरू. पुढं नाई."

"पुढं नाई," मी म्हटलं.

चंपतला मी सगळं सांगितलं. माझा नवरा फार बोलणारा नाही. त्यानं रमाकडे निरोप पाठवला आणि आमच्यासोबत आला. गोंदियाला गाडी थांबली. मनकर्णाबाई उतरायला उठली, तर रमाच डब्यात चढली. तिनं आईला मिठी मारली आणि रडत रडत तिथंच बाकावर बसवून घेतलं. गाडी हलली. मनकर्णाबाईनं आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त पदर ओढून तिनं तोंड झाकलं. नागपूर येईपर्यंत तिनं तो पदर काढला नाही. त्या पदराकडे बघत मी जो प्रवास केला तो मी वैऱ्यालाही देणार नाही.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. मला आणि रमाला बाजूला बोलावलं. आधी आणायला हवं होतं, म्हणाले. आता कापून उपयोग नाही, दुखण्यावर औषध देतो, घरी न्या. रमा भिंतीला टेकून खाली बसली.

मनकर्णाबाई व्हरांड्यात बाकावर होती. माझं तोंड बघून तिला विचारावंच लागलं नाही. मी तिच्याशेजारी बसले.

"कोणत्या खोलीत ठेवली असन वो?" तिनं विचारलं.

"काय?"

"माही गाठ." ती समोरच्या बंद दारांच्या रांगेकडे पाहत होती. "वाट पाहून राहिली होती माही. मी सांगतलं होतं तुले."

म्हणजे ही बाई मरणार ती माझ्यामुळे, असं तिच्या मनात पक्कं झालं होतं. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, हे मात्र मी जन्मभर विसरणार नाही. परतीच्या गाडीत ती माझ्याच मांडीवर डोकं ठेवून झोपली.

उन्हाळ्यात ती गेली. शेवटी शेवटी औषधही पुरत नव्हतं. तिचं कण्हणं ऐकून शेजारचे दारं लावून घ्यायचे. आणि लोक येऊन कुजबुजायचे, नागपूरला गेली तोवर चालती-बोलती होती, तिथून आली ती ही अशी. हे सासूच्या तोंडूनही मी ऐकलं. "नेली आन घेऊन आली परत," ती दारातल्या बायांना सांगत होती. मी आतून भांडं आपटलं, बाहेर गेले नाही.

सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं आणलं. मी आणि शेजारच्या गयाबाईनं तिला आंघोळ घातली. सासू विधवा, म्हणून तिनं हात लावला नाही, दाराशी उकिडवी बसून पाहत राहिली. कमरेवर ती गुलाबी रेघ होती, आणि तिच्या खाली जांघेत काय झालं होतं ते मी सांगत नाही. गयाबाईनं लुगडं गुंडाळलं आणि सवयीनं वेढा आवळायला लागली. मी तिचा हात धरला.

"ढिलं राहू द्या."

"वाटेत सुटन ना वो."

"सुटू द्या. आता कोणतं घमेलं उचलाचं हाये तिले?" माझा आवाज चढला. मग मला रडू फुटलं. ती गेल्यापासून तोवर मी रडले नव्हते.

गयाबाई सासूकडे बघू लागली. असल्या बाबतीत घरातल्या म्हातारीचा शब्द शेवटचा. सासू तोंड उघडेल आणि माझा उद्धार करेल, असं मला वाटलं. ती नुसती म्हणाली, "कांता म्हणते तसंच बांध."

तेरावं झालं. रमा गोंदियाला परत गेली. पुरुष ड्यूटीवर होते. दुपारी मी भांडी घासत होते तेव्हा सासूनं मला मोरीत बोलावलं आणि दाराला कडी लावली. माझ्याशी ती किती दिवसांत धड बोलली नव्हती. आता काय ऐकावं लागणार, म्हणून मी तोंड घट्ट करून उभी राहिले.

तिनं माझ्याकडे पाठ केली. लुगड्याचा वेढा सोडला. आतून हळदीची पिवळी चिंधी खाली पडली.

"पाह्य," ती म्हणाली. "मले मागं दिसत नाई."

मी खाली बसले. त्या जुन्या काळ्या पट्ट्यात, पाठीच्या बाजूला, एक खरबरीत ठिपका होता, मधे फुटलेला. मी त्यावर बोट ठेवलं. ती शहारली.

"हाये ना?"

"हाये," मी म्हटलं. "पण लहान हाये, आत्याबाई. लय लहान हाये."

ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "त्या डॉक्टरकडं घेऊन चाल मले. काढू दे त्याले. पण मनकर्णाच्या बारीले झालं ते नको करू. गाठ एकटी नको धाडू नागपूरले, मंग तिच्या मागून जाता येत नाई." तिनं लुगडं कमरेशी धरलं, आवळलं नाही. "मी तिच्या संगंच जातो, त्याच गाडीनं."